नवे रूळ आणि जुन्या गाड्या

रविवारचा दिवस आहे. घरांतील मंडळींनीं दादरला आप्तांकडे जाण्याचा बेत ठरविला आहे. ठेवणींतले कपडे घालून सर्व जण स्थानकावर येतात, तों फलाटावर पाय ठेवावयास जागा नाहीं. आणि वर टांगलेल्या कर्ण्यांतून एक संथ, निर्विकार आवाज सांगत असतो कीं, धिम्या मार्गावरील गाड्या आज जलद मार्गावरून जातील व अमुक अमुक स्थानकांवर थांबणार नाहींत. आपण कपाळाला हात लावतों आणि म्हणतों, "अरे, आज ब्लॉक आहे, नाहीं का!" मुंबई आणि तिच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा परकीय शब्द आतां इतका घरचा झाला आहे कीं, त्याला मराठी प्रतिशब्द असावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

नवे रूळ टाकण्याच्या कामानें जुन्या गाड्या कां अडतात, त्या अडचणींपैकीं अपरिहार्य किती व टाळतां येण्यासारखी किती, आणि तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, एवढेंच आज मी आपणांस सांगणार आहें. मी यंत्रशास्त्री नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना गणित आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. परंतु चौतीस वर्षें मी लोकल गाडीनें शाळेंत जात-येत असें. आणि जी गोष्ट माणसाच्या आयुष्याचे रोज तीन तास घेते, ती समजून घेण्याचा त्याला अधिकार आहे, असें मी मानतों.

प्रथम थोडा इतिहास. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेवर चालणारी पहिली लोकल व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गानें कुर्ल्यास गेली. तेव्हांपासून शहर उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पसरत गेलें. गाड्यांचे डबे वाढले, फेऱ्या वाढल्या. आज मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर दररोज सुमारें अठराशें आणि पश्चिम रेल्वेवर सुमारें चौदाशें फेऱ्या होतात. गर्दीच्या वेळीं एका पाठोपाठ दुसरी गाडी तीन-चार मिनिटांच्या अंतरानें धांवत असते. याहून अधिक गाड्या त्याच रुळांवर घालणें जवळजवळ अशक्य. म्हणून उपाय राहतात ते तीनच: गाडी लांब करावयाची, गाड्यांमधील अंतर नव्या सिग्नलांच्या साहाय्यानें कमी करावयाचें, किंवा नवे रूळ टाकावयाचे. या तीनहि उपायांत एक गोष्ट समान आहे. जी व्यवस्था सुधारावयाची, तीच व्यवस्था सुधारणा चालू असतांना वापरांत ठेवावी लागते.

आपल्यापैकीं ज्यांनीं बिऱ्हाड न हलवितां घराची दुरुस्ती केली आहे, त्यांना याची कल्पना चटकन् येईल. नवी खोली बांधतांना फारसा त्रास होत नाहीं. गवंडी बाहेरच्या बाहेर भिंती चढवितात. त्रास होतो तो, नव्या खोलींत जाण्यासाठीं जुन्या भिंतीला दार पाडावयाचें त्या दिवशीं. त्या दिवशीं स्वयंपाक बंद, धुळीचे लोट, आणि आजारी माणसाला शेजाऱ्याकडे नेऊन ठेवावें लागतें. रेल्वेचेंहि अगदीं असेंच आहे. नवे रूळ, नवे पूल, नवे खांब हें काम बरेंचसें जुन्या मार्गाला न शिवतां करतां येतें. परंतु नवा रूळ जुन्याला कोठें तरी जोडावाच लागतो. त्या जोडाच्या ठिकाणीं सांधे बसवावयाचे, वरच्या विजेच्या तारा वळवावयाच्या आणि सिग्नल बदलावयाचे. आणि हीं तिन्ही कामें वाहत्या मार्गावर होतात. प्रवाशाला जो खोळंबा सोसावा लागतो, तो बहुतांशी या सांध्याचा असतो.

"मग हें काम रात्रीं कां करीत नाहींत?" असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. प्रश्न योग्य आहे, आणि पुष्कळसें काम रात्रींच होतें. परंतु रात्र किती मोठी आहे तें पाहा. शेवटची लोकल शेडमध्यें जाईपर्यंत एक-दीड वाजून जातो. पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी सुटावयाची असते. राहिले अडीच तास. त्यांत आधीं लेखी परवानगी घ्यावयाची, मग तारांतील वीज बंद करून ती खरोखरच बंद झाल्याची खात्री करावयाची, यंत्रें व माणसें जागेवर आणावयाचीं; आणि काम आटोपल्यावर हत्यारें मोजून परत घ्यावयाचीं, सांधा तपासावयाचा, वीज पुनः सुरू करावयाची. आमच्या शाळेंत पस्तीस मिनिटांचा तास असे. हजेरी, फळा पुसणें आणि गृहपाठाच्या वह्या गोळा करणें यांत दहा मिनिटें जात. शिकविण्याला उरत तीं पंचवीस. रात्रींच्या कामाचेंहि तसेंच आहे. एकादा रूळ बदलणें, तार ताणणें हें त्या उरलेल्या वेळांत बसतें. संपूर्ण सांध्यांचा जुडगा उचलून नवा बसविणें बसत नाहीं. तें अर्धवट ठेवतां येत नाहीं, कारण अर्ध्या सांध्यावरून गाडी जात नाहीं. म्हणून दिवसाचे तास मागावे लागतात, आणि रविवारीं कचेऱ्या बंद म्हणून ते बहुधा रविवारचे मागितले जातात.

आतां ब्लॉकच्या दिवशीं गर्दी इतकी कां होते, याचें गणित करून पाहूं. आंकडे मी समजुतीसाठीं घेतों. एका दिशेला एक धिमा व एक जलद असे दोन मार्ग आहेत, आणि प्रत्येकावर दर चार मिनिटांनीं एक गाडी जाते असें समजा. म्हणजे तासाला पंधरा आणि पंधरा मिळून तीस गाड्या झाल्या. धिमा मार्ग बंद केला. सर्व गाड्या जलद मार्गावर आणल्या, आणि अगदीं काटेकोरपणें दर तीन मिनिटांनीं एक सोडली, तरी तासाला वीसच जातील. दहा गाड्या रद्द. तीस गाड्यांचे प्रवासी वीस गाड्यांत बसवावयाचे, म्हणजे ज्या डब्यांत शंभर माणसें होतीं तेथें दीडशें झालीं. याशिवाय, अरुंद पुलावर बैलगाडीच्या मागें मोटार सांपडावी तशी जलद गाडी धिम्या गाडीच्या मागें सांपडते आणि तिचा जलदपणा नांवापुरता उरतो. ज्याला आपण "गाड्या थोड्या उशिरानें धांवत आहेत" असें ऐकतों, त्याचा अर्थ हा असा आहे.

याहून वाईट अवस्था लहान स्थानकांची. कोपर, ठाकुर्ली, नाहूर यांसारख्या स्थानकांना जलद मार्गावर थांबा नाहीं. धिम्या गाड्या जलद मार्गावर वळविल्या कीं, तेथील माणूस फलाटावर उभा असतो आणि गाडी त्याच्या समोरून निघून जाते. त्यानें पुढच्या मोठ्या स्थानकावर जाऊन उलट गाडीनें मागें यावें, किंवा रिक्षा करावी. म्हणजे कर्ण्यावरून सांगितलेला वीस मिनिटांचा विलंब सर्वांना वीस मिनिटांचा नसतो. डोंबिवलीकराला तो वीस मिनिटांचा आणि ठाकुर्लीकराला एक तासाचा असतो.

ब्लॉक संपला म्हणजे त्रास संपला, अशीहि समजूत करून घेऊं नये. नव्या रुळाखालची खडी सुरुवातीला सैल असते. यंत्रानें ती ठोकून बसवितात, तरी गाड्यांच्या वजनाखालीं तिला हळूहळू घट्टपणा यावा लागतो. तोंपर्यंत गाड्या त्या जागीं मंदगतीनें न्याव्या लागतात. तीच गोष्ट सिग्नलांची. सांधा आणि सिग्नल हे एकमेकांशीं असे बांधलेले असतात कीं, सांधा चुकीच्या बाजूस असेल तर सिग्नल हिरवा होऊंच शकत नाहीं. लक्षावधि प्रवाशांचें जीवित या परस्परबंधनावर सुरक्षित आहे. नवा मार्ग जोडतांना जुनें बंधन सोडून नवें बांधावें लागतें. मधल्या काळांत सांधे हातानें कुलूप लावून बंद करतात, माणसें झेंड्या दाखवितात आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगानें पुढें सरकते. या स्थितीला रेल्वेंत "नॉन-इंटरलॉकिंग" म्हणतात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभीं पश्चिम रेल्वेनें खार आणि गोरेगांव यांच्यामधील सहावा मार्ग जोडला, तेव्हां जेमतेम नऊ किलोमीटरांच्या या तुकड्यासाठीं सुमारें दहा दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या रद्द करण्याचें जाहीर झालें होतें. नऊ किलोमीटर आणि दोन हजार फेऱ्या हें प्रमाण वरवर पाहतां विपरीत दिसतें. परंतु मोल रुळांच्या लांबीचें नसून सांध्यांचें असतें, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे त्याचा उलगडा होतो.

आतां एका कामाची थोडी सविस्तर हकीकत सांगतों. कारण त्यांत तोटा आणि लाभ हीं दोन्ही अंगें स्पष्ट दिसतात. ठाणें आणि दिवा या दोन स्थानकांमध्यें पारसिकचा डोंगर आहे. जुना धिमा मार्ग त्याला वळसा घालून मुंब्र्यावरून जातो. आणि जलद मार्ग १९१६ साली खुल्या झालेल्या, सव्वा किलोमीटरहून लांब अशा पारसिकच्या बोगद्यांतून जात असे. कल्याण ते दिवा आणि ठाणें ते कुर्ला या भागांत लांब पल्ल्याच्या मेल गाड्यांसाठीं पांचवा व सहावा मार्ग होता. परंतु मधल्या नऊ-दहा किलोमीटरांत नव्हता. नरसाळ्याच्या तोंडासारखी ही जागा होती. वरून सहा मार्ग यावयाचे आणि खालीं चार उरावयाचे. कलकत्त्याहून आलेली मेल दिव्यापाशीं लोकलच्या रुळांवर शिरली कीं, तिच्यासाठीं डोंबिवलीची लोकल थांबवून धरावी लागे, आणि एक गाडी थांबली कीं मागच्या दहा खोळंबत. आम्ही प्रवासी मुंब्र्याच्या खाडीकडे पाहत कित्येक सकाळीं हा अनुभव घेतलेला आहे.

हा तुकडा भरून काढण्याचें काम २००८ च्या सुमारास हातीं घेण्यांत आलें आणि पुरें व्हावयास २०२२ साल उजाडलें. कळवा आणि मुंब्रा यांच्या बाजूनें नवे दोन रूळ टाकले. गाड्यांना एकमेकींवरून ओलांडून जातां यावें म्हणून सुमारें १.४ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा उड्डाणपूल बांधला. तीन मोठे व एकवीस लहान पूल झाले. सुमारें ६२० कोटि रुपये खर्च आला. नंतर लोकलच्या जलद गाड्या या नव्या मार्गावर आणल्या, आणि पारसिकचा जुना बोगदा मेल गाड्यांच्या स्वाधीन केला. हा अदलाबदलीचा शेवटचा सांधा जोडण्यासाठीं ५, ६ आणि ७ फेब्रुवारी २०२२ असा सलग ७२ तासांचा ब्लॉक घेण्यांत आला. त्यापूर्वींच्या आठवड्यांतहि अनेक मोठे ब्लॉक झाले होते. १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं मार्गाचें उद्घाटन झालें आणि ३६ नव्या लोकल फेऱ्या जाहीर झाल्या.

या हकीकतींतून दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, पांचवा आणि सहावा मार्ग हे मुख्यतः मेल गाड्यांना बाजूला काढण्यासाठीं असतात. लोकलच्या प्रवाशाला त्यांचा लाभ मिळतो तो गाडी वेळेवर येण्याच्या रूपानें. दोन मार्ग वाढले म्हणजे लोकल गाड्या निमपटीनें वाढतील अशी जो आशा धरील, त्याची निराशा ठरलेली आहे. कारण गाड्या वाढण्यासाठीं रुळांबरोबर डबे, मोटरमन, शेड आणि टोंकाच्या स्थानकावर फलाटहि वाढावे लागतात. दुसरी गोष्ट ही कीं, लाभ ज्याला होतो तो आणि त्रास ज्याला झाला तो, हे दोघे एकच असतात असें नाहीं. त्या ३६ फेऱ्यांपैकीं बहुतेक वातानुकूलित गाड्यांच्या होत्या. त्यांचें भाडें साध्या गाडीच्या कितीतरी पट. नवी जलद गाडी कळव्याच्या आणि मुंब्र्याच्या दारावरून जाते, परंतु बहुतेक गाड्या तेथें थांबत नाहींत. ब्लॉकचे दिवस मात्र तेथील माणसानेंहि सोसले होते.

याच असंतोषाचा उद्रेक ऑगस्ट २०२२ मध्यें दिसला. मध्य रेल्वेवर साध्या गाड्यांच्या जागीं वातानुकूलित गाड्यांच्या दहा फेऱ्या घालण्यांत आल्या, तेव्हां कळवा आणि बदलापूर येथें प्रवाशांनीं निदर्शनें केलीं, आणि त्या दहा फेऱ्या थोड्याच दिवसांत मागें घेण्यांत आल्या. वातानुकूलित गाडी वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. बंद होणाऱ्या दारांमुळें ती अधिक सुरक्षितहि आहे. परंतु वेळापत्रकांत एका वेळीं एकच गाडी बसते. साधा पास असलेल्याच्या डोळ्यांना ती नवी गाडी दिसत नाहीं. आपली गेलेली गाडी दिसते. आणि गेलेल्या गाडीची किंमत काय असते, तें दारांत लोंबकळणारा माणूस जाणतो. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्यें दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असतां दारांत लटकलेले प्रवासी खालीं पडले, आणि त्यांपैकीं कांहीं प्राणांस मुकले. उपनगरी गाडींतील पाऊल टेकण्याएवढी जागा ही सोयीची बाब नसून जीवाची बाब आहे, हें अशा दिवशीं कळतें. म्हणूनच एकादी फेरी रद्द करतांना ती कागदावरील एक रेघ समजून चालत नाहीं.

मग हा त्रास कमी करण्याचे उपाय नाहींत काय? आहेत, आणि ते आपल्याकडेहि योजिलेले आहेत. मुंबईच्या लोकल १९२५ पासून १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश विजेवर चालत असत. या पद्धतींत तारांतून फार मोठा प्रवाह न्यावा लागतो. गाड्या वाढल्या तशी ती अपुरी पडूं लागली. तेव्हां सर्व मार्ग २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेवर आणण्याचें ठरलें. चालत्या शहराची वीज बदलावयाची, हें काम किती बिकट! परंतु आधीं दोन्ही दाबांवर चालूं शकतील अशा गाड्या आणण्यांत आल्या, तारांचे चिमटे टप्प्याटप्प्यानें बदलण्यांत आले, आणि मगच वीज बदलली. पश्चिम रेल्वेवर हें काम २०१२ मध्यें, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्यें आणि हार्बरवर २०१६ मध्यें पुरें झालें. पुष्कळ प्रवाशांना तर हा बदल झाला केव्हां, हेंहि कळलें नाहीं. पूर्वतयारीचा महिमा तो हा.

असेंच एक उदाहरण जपानांतील आहे. टोकियो शहरांत शिबुया नांवाचें मोठें स्थानक आहे. तेथें येणारा तोयोको मार्ग जमिनीवरून भुयारांत न्यावयाचा होता. वरून गाड्या धांवत असतांना खालीं अनेक वर्षें भुयार आणि रूळ तयार करण्यांत आले; आणि १५ मार्च २०१३ च्या रात्रीं शेवटची गाडी गेल्यावर सुमारें बाराशें माणसांनीं साडेतीन तासांत जुना मार्ग नव्याला जोडून दिला. दुसऱ्या दिवशीं पहिली गाडी भुयारांतून गेली. आपल्याकडेहि ३१ मे ते २ जून २०२४ या ६३ तासांच्या ब्लॉकमध्यें ठाण्याचा पांच-सहा क्रमांकांचा फलाट रुंद करण्यांत आला, तेव्हां सिमेंटच्या पेट्या आधींच ओतून तयार ठेवल्या होत्या. आधीं जितकें काम बाहेर होईल, तितकी दार पाडण्याची घटका लहान होते. हा नियम टोकियोला आणि ठाण्याला सारखाच लागू आहे.

परंतु पूर्वतयारी रुळांपुरतीच असून भागत नाहीं. वीज बदलण्याच्या त्याच यशस्वी कामाची दुसरी बाजू सांगतों. नव्या विजेच्या तारांना पुलाखालीं अधिक उंची लागते; आणि सँडहर्स्ट रोड व भायखळा यांच्यामधील हँकॉक पूल ठेंगणा होता. तो जानेवारी २०१६ मध्यें एका मोठ्या ब्लॉकमध्यें पाडण्यांत आला. गाड्यांचा मार्ग मोकळा झाला. परंतु त्या पुलावरून जी माणसें रुळांच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात, त्यांचें काय? नवा पूल वाहतुकीला खुला व्हावयास ऑगस्ट २०२२ उजाडला. मधल्या वर्षांत लोक रूळ ओलांडूं लागले, आणि त्यांत दप्तर पाठीवर घेतलेलीं शाळेचीं मुलेंहि असत. पूल पाडावयास एक दिवस पुरला आणि बांधावयास साडेसहा वर्षें लागलीं. गाडींतल्या प्रवाशाची सोय झाली, ती रुळांकांठच्या पोरांच्या जिवावर, असें म्हणण्याची पाळी कोणत्याहि सुधारणेनें आणूं नये.

येथें मला माझा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका रविवारीं शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि मी केंद्रावर पर्यवेक्षक होतों. माझ्या वर्गांतील एक मुलगी लहानशा स्थानकाजवळ राहत असे. तिची आई लोकांच्या घरीं पोळ्या करी. त्या दिवशीं ब्लॉक होता. तिच्या स्थानकावर गाडी थांबली नाहीं. ती मायलेकरें चालत पुढच्या स्थानकावर गेलीं आणि परीक्षा सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर धापा टाकीत दारांत उभीं राहिलीं. नियम मला ठाऊक होता, आणि मीं तो पाळला. मुलगी रडली नाहीं. तिनें फक्त पेन्सिलींची पेटी पुनः पिशवींत ठेवली. घरीं आल्यावर माझ्या हातीं आदल्या दिवशींचें वर्तमानपत्र आलें. त्यांत ब्लॉकची सूचना छापलेली होती. ती मीं शनिवारीं वाचलीहि होती. परंतु माझें स्थानक मोठें असल्यामुळें ती मला लागू नव्हती, म्हणून वर्गांत सांगावी असें मला सुचलें नाहीं. रेल्वेला दोष देण्याचा त्या दिवशींपासून माझा हक्क थोडा कमी झाला.

तेव्हां, श्रोतेहो, नव्या रुळांना विरोध करावा असें माझें म्हणणें नाहीं. आज जे चार किंवा सहा मार्ग आहेत, ते कोणी तरी आपल्या आधीं त्रास सोसून करूं दिले म्हणून आहेत. आपणहि पुढच्यांसाठीं सोसलें पाहिजे. परंतु सोसणाऱ्याला तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. एक: हें किती दिवस चालणार, आणि मुदत टळली तर तसें आधीं सांगणार काय? दोन: काम पुरें झाल्यावर आमच्या स्थानकावर नेमकें काय वाढणार, गाडी, वेळेवरपणा कीं नुसता वेगानें जाणारा वारा? तीन: मधल्या काळांत ज्याची गाडी, थांबा किंवा पूल गेला, त्याच्यासाठीं दुसरी कोणती सोय केली आहे? ज्या स्थानकांवर गाडी थांबणार नाहीं तेथून पुढच्या स्थानकापर्यंत बसगाड्या सोडणें, ही कांहीं आकाशांतील गोष्ट नव्हे. या तीन प्रश्नांचीं उत्तरें कामाच्या आराखड्यांतच लिहिलेलीं असलीं पाहिजेत.

आणि एक प्रश्न आपण स्वतःला विचारावयाचा आहे. २०२४ च्या त्या ६३ तासांच्या ब्लॉकच्या वेळीं नोकरांना घरून काम करूं द्यावें, अशी विनंति कचेऱ्यांना करण्यांत आली होती. विनंति चांगली होती. परंतु रुग्णालयांतील परिचारिका, दुकानांतील पोऱ्या, आपल्या घरीं स्वयंपाकाला येणारी बाई, यांचें काम घरून होत नाहीं. आणि रविवार हा त्यांच्या सुटीचाहि दिवस नसतो. आपण सुशिक्षित माणसें आहों; शनिवारचें वर्तमानपत्र आपल्या हातीं येतें. त्यांतील ब्लॉकची चार ओळींची सूचना वाचून आपल्या घरीं येणाऱ्या बाईला आदल्या दिवशीं सांगावें, तिला उशीर झाला तर बोलूं नये, आणि ती येऊंच शकली नाहीं तर तिचा पगार कापूं नये. परीक्षा ठेवणाऱ्यांनीं वेळापत्रकावर एकदां नजर टाकावी, आणि दारांत धापा टाकीत उभ्या राहिलेल्या मुलाला आंत घेण्यापुरती तरी नियमांत जागा ठेवावी. नवे रूळ हे साऱ्या शहरासाठीं आहेत. मग त्यांची किंमत एकट्या लहान स्थानकावरच्या माणसानें कां द्यावी?